मळभ ढगांचे की धुळीचे?

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हवामानाचा अंदाज छापलेला असतो. पावसाळा सरला की त्यात एक वाक्य हमखास भेटते : 'आकाश निरभ्र राहील.' आपण ते वाचतो, गच्चीवर वाळवण टाकायला हरकत नाही एवढा अर्थ काढतो आणि पान उलटतो. पण या 'निरभ्र' शब्दापाशी जरा थांबून पाहावे. अभ्र म्हणजे ढग. ते नाहीत म्हणून निरभ्र. आकाश स्वच्छ आहे, असे हा शब्द कुठेच म्हणत नाही. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी पुण्यात पर्वतीवर उभे राहावे. आभाळात औषधालाही ढग नसतो आणि तरीही सिंहगड दिसत नाही. दिसतो तो पांढुरका, किंचित तपकिरी असा एक पडदा.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपल्याकडे 'मळभ' असाही एक शब्द आहे. आकाश झाकोळले, ऊन पडेना, पाऊसही येईना, की घरातले वडीलधारे म्हणत, 'मळभ आलंय.' ते मळभ ढगांचे की धुळीचे, याची चौकशी कोणी करीत नसे. तशी गरजही नव्हती. पण गेल्या शतकात काही माणसांनी नेमकी हीच चौकशी हाती घेतली आणि ती वाटली होती तितकी सोपी निघाली नाही. सूर्याकडे यंत्र रोखून हवेतले कण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांची सर्वात मोठी डोकेदुखी कोणती, तर ढग. बरे, हे महाशय बहुरूपी. कधी ते धुळीचे सोंग घेऊन हिशेबात शिरतात, तर कधी त्यांच्या धास्तीने खरी धूळच हिशेबाबाहेर हाकलली जाते.

हवेत तरंगणाऱ्या या सूक्ष्म कणांना शास्त्रज्ञ 'एरोसोल' म्हणतात. नाव परके असले तरी मंडळी ओळखीचीच आहेत. चुलीचा आणि डिझेलचा धूर, रस्त्यावरची माती, थरच्या वाळवंटातून उडून आलेली धूळ, समुद्राच्या फुटत्या लाटांनी हवेत उधळलेले मीठ, कारखान्यांतून सुटलेल्या गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार झालेले सल्फेटचे कण. यातले बरेचसे कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस त्यांच्या तुलनेत दोरखंड म्हणावा इतका जाड. हे कण फुप्फुसात जातात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण ते सूर्यप्रकाशही अडवतात. बहुतेक कण ऊन माघारी उधळून पृथ्वीला काहीसा गारवा देतात. काजळी मात्र ऊन शोषून भोवतालची हवा तापवते. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे होणारी तापमानवाढ या कणांनी आजवर नेमकी किती झाकून ठेवली आहे, हा हवामानशास्त्रातला सर्वात अनिश्चित आकड्यांपैकी एक समजला जातो. उपग्रह हे कण वरून पाहतात, संगणकातली प्रारूपे त्यांचा अंदाज बांधतात, पण दोघांचाही खरेखोटेपणा तपासला जातो तो जमिनीवरच्या मोजणीशी ताडून. म्हणजे खालच्या मोजणीत ढग शिरला, तर चूक एखाद्या वेधशाळेच्या वहीपुरती राहत नाही.

शहरांतल्या फलकांवर हवेचा जो निर्देशांक झळकतो, तो यंत्राने हवा आत ओढून मोजलेला असतो. ती झाली आपल्या नाकापुढची हवा. डोक्यावर कित्येक किलोमीटरपर्यंत कणांचे जे थर पसरलेले असतात, त्यांचा हिशेब या यंत्राला लागत नाही. तिथे सूर्याचीच मदत घ्यावी लागते. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँगली १८८१ साली आपली उपकरणे घेऊन कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनी या पर्वतावर गेले. वातावरणात शिरण्यापूर्वी सूर्याचे ऊन किती प्रखर असते, हे त्यांना मोजायचे होते. वातावरणाच्या वर जाण्याची सोय तेव्हा नव्हती. मग मार्ग काय? सूर्य माथ्यावर असताना त्याच्या किरणांना हवेचा एक थर ओलांडावा लागतो असे धरले, तर सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असताना किरण तिरके येतात आणि त्यांना दोन थरांइतकी हवा ओलांडावी लागते. सकाळपासून ठरावीक वेळाने ऊन मोजत गेले आणि योग्य त्या आलेखावर ठिपके मांडले, की ते एका सरळ रेषेत बसतात. ती रेषा मागे वाढवत न्यायची. हवेचा थर शून्य होतो तिथे जो आकडा मिळेल, तो वातावरणाबाहेरच्या उन्हाचा. डोंगरावर बसून अंतराळातले ऊन मोजण्याची ही क्लृप्ती मला नेहमीच फार देखणी वाटत आली आहे.

अट एकच. मोजणी चालू असलेल्या दोन-तीन तासांत वरची हवा बदलता कामा नये. दाट ढग आडवा आला तर ठिपका रेषेबाहेर उडी मारतो आणि चोर पकडला जातो. पण डोळ्यांना जेमतेम दिसणारा एखादा पातळ ढग सकाळभर हळूहळू विरत गेला, तर ठिपके शहाण्यासारखे सरळ रेषेत बसतात आणि ती रेषा भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचते. म्हणून आजही या जातीची मुख्य प्रमाणयंत्रे हवाई बेटांवरच्या मौना लोआसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या वेधशाळेत नेऊन जोखतात. तिथे धूळ आणि बहुतेक ढग पायाखाली राहतात.

बाहेरचे ऊन एकदा कळले, की उरलेले गणित सोपे. वरून किती निघाले, खाली किती पोहोचले, यातल्या घटीतून हवेच्या रेणूंचा आणि ओझोनसारख्या वायूंचा वाटा वजा करायचा. उरेल तो कणांचा. या आकड्याला 'ऑप्टिकल डेप्थ' असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला आकाशाचा गढूळपणा म्हणू. गढूळपणा ०.१ असेल तर माथ्यावरच्या सूर्याचे थेट ऊन साधारण दहा टक्क्यांनी घटते. ०.४ झाला की एक तृतीयांश गायब. १ वर पोहोचला की खाली उरते जेमतेम ३७ टक्के. घटलेले सगळेच ऊन काही नाहीसे होत नाही. बरेचसे इकडेतिकडे विखुरते, म्हणून तर आकाश पांढुरके दिसते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेडरिक फोल्झ यांनी हातात धरून सूर्याकडे रोखता येईल असे एक सुटसुटीत यंत्र बनवले. भारतीय हवामान खात्याने जागतिक हवामान संघटनेच्या योजनेखाली देशात अशा नोंदींसाठी जी दहा केंद्रे उभारली, त्यांत श्रीनगर, जोधपूर, कोडाईकनाल, मिनिकॉय, पोर्ट ब्लेअर यांच्या जोडीला आपली पुणे आणि नागपूरही होती. यंत्र साधे होते, पण त्याच्या मागे माणूस होता. निरीक्षक आधी आकाशाकडे पाहायचा. सूर्याच्या आसपास ढगाची चिंधी जरी दिसली, तरी थांबायचा. अनुभवी निरीक्षक सूर्यबिंब खांबाआड किंवा इमारतीच्या कोपऱ्याआड धरून बाजूचे आकाश न्याहाळतो, म्हणजे विरळ ढगही नजरेत भरतो. (सूर्याकडे थेट पाहण्याचा उद्योग वाचकांनी, विशेषतः घरातल्या मुलांनी, चुकूनही करू नये.) ढग कोणता आणि धूळ कोणती, हा निवाडा तेव्हा डोळा करीत होता. त्या निवाड्यात माणसागणिक फरक पडायचा, हा दोष खरा. पण निवाडा होत होता.

१९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या ब्रेंट होल्बेन यांनी या कामाचे स्वरूपच पालटले. फ्रान्सच्या सिमेल कंपनीने बनवलेले, आपणहून सूर्य शोधणारे, सौरऊर्जेवर चालणारे आणि नोंदी उपग्रहामार्फत पाठवणारे यंत्र त्यांनी जगभर बसवायला सुरुवात केली. 'एरोनेट' या नावाने ओळखले जाणारे हे जाळे आज शेकडो ठिकाणी पसरले आहे. भारतात कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून आणि पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २००४ पासून या जाळ्यातल्या नोंदी सुरू झाल्या. यंत्र न थकता, सुट्टी न घेता सूर्याच्या मागे मान फिरवत राहते. पण ते आकाशाकडे पाहत नाही. त्याला दिसतो तो फक्त नळीतून येणारा उजेड. उजेड घटला एवढेच त्याला कळते. कशाने घटला, हे कळायला त्याच्यामागे तो निरीक्षक उभा नाही.

मग निरीक्षकाची नजर यंत्राला कशी द्यायची? या प्रश्नाचे पहिले व्यवस्थित उत्तर अलेक्झांडर स्मिर्नोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. ते घरगुती शहाणपणाच्या फार जवळचे आहे. ढग चंचल असतो, धूळ सुस्त असते. वाऱ्यावर चाललेल्या ढगाची जाडी पावलापावलाला बदलते. धुळीचा पडदा मैलोगणती सारखा पसरलेला असतो. तेव्हा यंत्राने एकदा नव्हे, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने तीनदा सूर्याकडे पाहायचे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे त्यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक नसला (गढूळपणा फारच मोठा असेल तर त्याच्या तीन टक्क्यांइतकी सूट), तर ती धूळ. आकडे नाचू लागले, तर तो ढग, नोंद रद्द. त्यानंतर दिवसभराच्या नोंदींची रेघ किती सुरळीत आहे, हेही पाहायचे. अशी चाळणी लावून कच्च्या नोंदी, चाळलेल्या नोंदी आणि शेवटी तपासून शिक्कामोर्तब केलेल्या पक्क्या नोंदी असे तीन ढीग केले जातात. संशोधक सहसा तिसऱ्या ढिगालाच हात लावतात.

आणि बहुतेक वेळा ही चाळणी छान चालते. आषाढातल्या कापसाच्या ढिगासारख्या ढगांना ती क्षणात ओळखते. तिची फसगत होते ती दोन टोकांना.

पहिले टोक आहे तंतुमेघांचे. उष्ण कटिबंधात दहा ते पंधरा किलोमीटर उंचीवर बर्फाच्या स्फटिकांचे जे विरळ ढग तरंगतात, ते पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे दिसतात; पुष्कळदा दिसतही नाहीत. गढूळपणाच्या भाषेत ०.०३ पेक्षा पातळ असा ढग डोळ्यांना जाणवत नाही, असे मानतात. हा ढग कधीकधी तासन्‌तास एकसारखा पसरून राहतो. म्हणजे सुस्त आहे! तीनदा पाहिले तरी तिन्ही आकडे सारखेच. चाळणी म्हणते, धूळ. पुण्याच्या हवेत गढूळपणा ०.४ असेल तेव्हा या ०.०३ ची भर खपून जाईल. पण भर समुद्रातल्या एखाद्या बेटावर मुळात गढूळपणाच ०.०६ असेल, तर तिथे हवा दीडपट मळकी ठरते आणि हा मळ प्रत्यक्षात शुद्ध बर्फाचा असतो. सिंगापूरमध्ये अशा यंत्राशेजारी लेसर-रडार म्हणजे लायडार ठेवून तपासणी केली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात, पक्का शिक्का बसलेल्या नोंदींतही तंतुमेघ बऱ्याच संख्येने शिरलेले सापडले.

इथे कोणी विचारील, रंगावरून का नाही ओळखत? ओळखतात, पण तेवढ्याने भागत नाही. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासच्या आकाराचे असतात. ते निळा प्रकाश जास्त अडवतात आणि लाल कमी. ढगातले थेंब आणि स्फटिक त्यांच्या कितीतरी पट मोठे. त्यांना सगळे रंग सारखे, म्हणून तर ढग पांढरा. स्वीडनच्या आंडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२९ साली रंगांतला हा फरक एका घातांकात बांधून ठेवला. घातांक मोठा तर कण बारीक, शून्याच्या जवळ तर कण जाड. कानपूरच्या जानेवारीतल्या धुरासाठी ही कसोटी उत्तम. पण मे महिन्यात राजस्थानातून आँधी उठली, की हवेत असते ती जाड माती आणि तिचा घातांकही शून्याकडेच झुकतो. रंगाच्या कसोटीवर वाळवंटाची धूळ आणि आकाशातला बर्फ जवळजवळ एका रांगेत येऊन बसतात. निसर्गाने थट्टाच मांडली म्हणायची.

दुसरे टोक मला जास्त अस्वस्थ करते. चाळणीचा नियम काय? जे चंचल, ते ढग. पण शेजारच्या जंगलाला आग लागली असेल, तर तिचा धूरही लोटांनी येतो. एका मिनिटात दाट, दुसऱ्या मिनिटाला विरळ. चाळणीच्या दृष्टीने तो ढगच. म्हणजे ज्या दिवशी हवा सर्वात वाईट, नेमक्या त्याच दिवसाची नोंद खोडली जाण्याची शक्यता सर्वात जास्त. आणि खोडलेली नोंद आरडाओरडा करीत नाही. महिन्याच्या सरासरीत ती फक्त नसते. सरासरी सभ्य दिसते.

हे केवळ कल्पनेतले भय नव्हते. २०१५ साली एल निनोच्या कोरड्या वर्षात इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमंतान भागांत जंगले आणि त्यांखालची पीट, म्हणजे झाडापाल्याचा शतकानुशतके साचलेला जळाऊ थर, महिनोन्‌महिने धुमसत राहिली. कालिमंतानमधल्या पालंका राया या शहरात एरोनेटचे यंत्र होते. धूर इतका दाट झाला, की निळ्या-हिरव्या रंगाचा थेट सूर्यप्रकाश यंत्रापर्यंत मोजण्याइतकाही पोहोचेना. तांबड्या आणि त्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशावरूनच अंदाज बांधावा लागला. लोक श्वासासाठी तळमळत होते आणि जुन्या चाळणीचा कल असा, की अशा नोंदींवर 'ढगाळ' म्हणून काट मारावी. त्याआधीही दाट धूर आणि शहरी धुरके यांच्या कितीतरी नोंदी अशाच गळाल्या असणार, हे संशोधकांच्या ध्यानात आले होते.

मग चाळणी बदलावी लागली. २०१८ पासून एरोनेटने नव्या नियमांनी सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. गढूळपणा प्रचंड असला तरी रंगाची कसोटी बारीक कणांकडे बोट दाखवीत असेल, तर तो धूर मानून नोंद परत घ्यायची, ही एक दुरुस्ती. दुसरी दुरुस्ती तंतुमेघांसाठी, आणि ती आपल्या आजीबाईंच्या निरीक्षणाला शोभेल अशी आहे. चंद्राला खळे पडले, की पाऊस येणार असे खेड्यापाड्यांत म्हणतात. ते खळे उंचावरच्या तंतुमेघांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडते. स्फटिक प्रकाशाला विशिष्ट दिशांनी वळवतात. पुष्कळसा प्रकाश तर अगदी पुढच्या दिशेनेच ढकलतात. त्यामुळे तंतुमेघ आडवा असला, की सूर्यबिंबाच्या लगतचे आकाश झगझगीत उजळते आणि बिंबापासून दूर जावे तसा तो उजेड एकदम उतरतो. आता यंत्र सूर्याबरोबर त्याच्या शेजारचे हे तेजोवलयही तपासते. उजेडाचा उतार फारच तीव्र असेल, तर बर्फ आहे असे समजून नोंद बाजूला काढली जाते. सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूंचे आकाश मोजून दोन्हीकडचा उजेड जुळतो का, हेही पाहिले जाते. धुळीचे आकाश दोन्हीकडे सारखे, ढगाळ आकाश एकीकडे झुकलेले. खांबाआड सूर्य धरून बाजूचे आकाश न्याहाळणारा तो जुना निरीक्षक वेगळे काय करीत होता?

इथपर्यंत आपण असे धरून चाललो, की ढग एक आणि धूळ एक. दोहोंमध्ये रेघ ओढता येते, फक्त ओढणारा हात कुशल हवा. पण खुद्द निसर्गाने ती रेघ ओढली आहे का? स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास साध्या काचपात्रांतल्या प्रयोगांनी दाखवून दिले होते, की पूर्णपणे गाळलेल्या हवेत वाफ कोंडली तरी धुके धरत नाही. थेंबाला बसायला धुळीचा कण लागतो. म्हणजे प्रत्येक ढग हा मुळात ओल्या झालेल्या कणांचाच मेळावा. मीठ आणि सल्फेट दमट हवेत पाणी पिऊन फुगतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे घडते तेच. ढगाच्या आजूबाजूची हवा दमट असते. तिथले कण फुगतात आणि फुगलेला कण जास्त प्रकाश अडवतो. त्यात कोणी नवा कण आणून टाकलेला नसतो, तरी गढूळपणा वाढलेला दिसतो. इस्राएलचे इलान कोरेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखवले, की ढगाभोवती असा संधिप्रकाशासारखा एक पट्टा असतो. तो ढगाच्या दृश्य कडेपलीकडे कित्येक किलोमीटर पसरतो, आणि त्यात फुगलेले कण, विरणाऱ्या ढगांचे तुकडे, होऊ घातलेले ढग अशी सरमिसळ असते. यंत्राने ढग चुकवून शेजारच्या 'स्वच्छ' फटीतून सूर्य पाहिला, तरी तो या पट्ट्यातूनच पाहिलेला. मग हा आकडा धुळीचा म्हणायचा की ढगाचा?

धुक्याचेही तसेच. ते विरल्यावर मागे राहिलेले कण पूर्वीपेक्षा थोराड झालेले असतात, कारण थेंबाच्या आत वायू विरघळून त्यांचे सल्फेट बनते आणि पाणी उडून गेले तरी ते मागे राहते. धुक्याने धूळ धुऊन नेली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याने तिला खाऊपिऊ घालून परत पाठवलेले असते.

या शब्दांच्या गोंधळाचे राजकारणही एकदा होऊन गेले. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' हा मोठा प्रयोग झाला. मालदीवमधल्या काशिधू बेटावर सूर्याकडे रोखलेली यंत्रे होती, शिवाय विमाने होती, जहाजे होती. भारतीय उपखंडाकडून समुद्रावर वाहत येणारा धुरकट थर त्यात तपशीलवार मोजला गेला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला आणि या थराला नाव मिळाले 'एशियन ब्राऊन क्लाउड', आशियाई तपकिरी ढग. वास्तविक तो ढग नव्हताच. ढग नव्हते म्हणून तर तो मोजता आला. भारतातून या नावावर आक्षेप घेतला गेला. सगळ्या जगाची धूळ एका खंडाच्या माथी का मारायची, हा आक्षेप रास्तच होता. पुढे नावातला 'आशियाई' जाऊन तिथे 'वातावरणीय' आला. 'ढग' मात्र तसाच राहिला.

इंडोएक्ससाठी हिवाळा निवडला तो विचारपूर्वक. तेव्हा वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि आकाश मोकळे असते. पण यातच एक मोठी गोष्ट दडली आहे, आणि आपल्याला ती जवळून लागू पडते. सूर्य पाहून केलेली सगळी मोजणी ही चांगल्या दिवसांची मोजणी आहे. पुण्यात नोव्हेंबर ते मे नोंदींचा सुकाळ. जून ते सप्टेंबर चाळणीतून मूठभर दाणे उतरतात. कोकणात तर विचारायलाच नको. वार्षिक सरासरी म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात वर्षाचा एक तृतीयांश भाग जवळजवळ गैरहजर असतो. त्या दिवसांत पाऊस हवा धुतो हे खरे. पण अरबी समुद्रावरून मिठाचे कण आणि पश्चिमेकडच्या वाळवंटांतली धूळ येते तीही याच दिवसांत. कणांचा पावसावर परिणाम काय, हा देशापुढचा खरा प्रश्न; आणि त्याचे उत्तर ज्या चार महिन्यांत दडले आहे, त्याच चार महिन्यांत हे यंत्र आंधळे. उपग्रहांची गतही याहून फार वेगळी नाही. तेही ढग टाळूनच कण मोजतात.

लायडार थोडी मदत करतो. लेसरचा किरण वर सोडायचा आणि कोणत्या उंचीवरून किती उजेड परतला ते पाहायचे. पुण्याच्या संस्थेने १९८० च्या दशकातच आर्गॉन लेसर वापरून हे काम सुरू केले होते. यात धूळ एका उंचीवर आणि ढग दुसऱ्या उंचीवर असे वेगवेगळे दिसतात. सूर्याच्या यंत्राला जी बेरीज एकत्र मिळते, तिची इथे फोड होते. पण दाट ढगाच्या पोटाशी किरण थबकतो. त्याच्या वरचे काही कळत नाही.

राहता राहिला एक उपाय : ढग टाळायचाच नाही, त्याच्या आत जाऊन बसायचे. पुण्याच्या याच संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा थाटली, ती यासाठीच. पर्यटक ज्याला धुके म्हणून फोटो काढतात, ते पावसाळ्यातले महाबळेश्वरचे 'धुके' म्हणजे सह्याद्रीला टेकलेला खराखुरा ढग असतो. यंत्राच्या दारातून तोच आत येतो. कोणते कण थेंबात शिरले, कोणते कोरडेच बाजूला उभे राहिले, किती मोठे, कशाचे, हे तिथे मोजता येते. फक्त ती मोजणी त्या एका डोंगरमाथ्याची. तिथून सांगली-सोलापूरच्या आकाशाचा हिशेब लागत नाही आणि माथ्यावरच्या दहा किलोमीटर हवेचाही.

सूर्याकडे पाहणाऱ्या यंत्राला मात्र पावसाळ्यात वेगळेच काम असते. त्याच्याजवळ ओल ओळखणारी एक लहानशी पट्टी बसवलेली असते. जूनच्या सुरुवातीला पहिली सर आली, पट्टी भिजली, की यंत्र आपली नळी खाली वळवते, म्हणजे काचेवर पाणी पडू नये. पट्टी सुकेपर्यंत ते तसेच, मान खाली घालून, जमिनीकडे पाहत बसते.